दंडाच्या हाडाची साक्ष

ओढ्याच्या पात्रात, घाटातल्या झुडपात किंवा बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात हाडे सापडली की पोलिसांचे प्रश्न ठरलेल्या क्रमाने येतात. हाड माणसाचे की जनावराचे? एकाचे की अनेकांचे? बाईचे की पुरुषाचे? मग वय, उंची, मृत्यूला झालेला काळ. यांतला तिसरा प्रश्न चुकला तर त्यापुढचे सगळे चुकत जाते. हाडावरून उंची काढण्याची सूत्रे बाई आणि पुरुष यांच्यासाठी वेगळी आहेत, वयाचे निकष वेगळे आहेत, आणि ठाण्यातल्या ‘मिसिंग’च्या नोंदींपैकी मोठा भाग या एका उत्तरासरशी बाजूला पडतो. एखाद्या बेपत्ता मुलीच्या बापाला ‘सापडलेले हाड पुरुषाचे आहे’ असे सांगून परत पाठवले, तर तो पुन्हा त्या ठाण्याची पायरी चढत नाही. म्हणूनच हा निष्कर्ष कशाच्या आधारावर काढला जातो, याची चर्चा वैद्यकीय महाविद्यालयाच्या भिंतीबाहेरही व्हायला हवी.

दादरा व नगर हवेलीतल्या सिल्वासात ती होण्याला कारण आहे. श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलला जोडून २०१९ मध्ये येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज ते नमो वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते आणि त्याचे नवे संकुल एप्रिल २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पित झाले. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की शरीररचनाशास्त्र आणि न्यायवैद्यक हे दोन विभाग आलेच. हाड मोजणारे हात आणि अहवालावर सही करणारे हात आता याच गावात आहेत. ते मोजतील कशाशी, हा प्रश्न उरतो.

सांगाडा पूर्ण मिळाला तर काम सोपे असते. कटिभागाची हाडे, म्हणजे पेल्व्हिस, बाळंतपणाच्या गरजेनुसार घडलेली असल्यामुळे त्यांत बाई-पुरुष फरक सरळ डोळ्यांना दिसतो. त्यानंतर कवटीचा क्रम. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ विल्टन क्रॉगमन यांनी १९६२ च्या ग्रंथात दिलेली टक्केवारी आजही आपल्या पाठ्यपुस्तकांतून फिरते: पेल्व्हिसवरून ९५ टक्के अचूकता, आणि नुसत्या लांब हाडांवरून ८० टक्के. पण उघड्यावर पडलेल्या प्रेताचे सगळे अवयव जागच्या जागी राहत नाहीत. कोल्ही-कुत्री हातपाय ओढून नेतात, पुराचे पाणी उरलेले विखरून टाकते. दमणगंगा नाशिक जिल्ह्यात उगम पावते, मधुबन धरणातून येते आणि नगर हवेलीतून दमणकडे, अरबी समुद्राला जाते. तिच्या काठी सापडलेले हाड कुठल्या तालुक्यातून आले हे छातीठोकपणे सांगता येत नाही. अशा वेळी हाती लागते ते बहुधा मांडीचे किंवा दंडाचे जाड, टिकाऊ हाड. दंडाचे हाड म्हणजे ह्यूमरस. खांद्याकडे त्याला गोल माथा असतो, मध्ये दांडा, आणि कोपराकडे ते पसरट होते.

पुरुषाचे हाड मोठे का, याचे उत्तर वयात येण्याच्या वेळापत्रकात आहे. मुलींच्या हाडांची टोके लवकर जुळतात आणि वाढ थांबते. मुलांना साधारण दोनेक वर्षे जास्त मिळतात, आणि टेस्टोस्टेरॉनमुळे हाडाच्या बाहेरच्या अंगाला थर चढत जातो. त्यामुळे लांबी वाढतेच, पण त्याहून अधिक ठळक फरक पडतो तो सांध्यांच्या आकारात आणि दांड्याच्या जाडीत. यातूनच एक मर्यादाही निघते. टोके जुळण्यापूर्वीच्या, म्हणजे लहान मुलांच्या हाडांवर ही मोजमापे लावण्यात अर्थ नाही. बालकाच्या हाडाबद्दल ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असे मोजपट्टीवरून लिहून आलेला अहवाल वाचताच बाजूला ठेवावा.

मोजण्याची पद्धत साधी आहे. ऑस्टिओमेट्रिक बोर्ड म्हणजे एका टोकाला पक्की उभी फळी आणि दुसऱ्या टोकाला सरकती फळी असलेला लाकडी पाट. बुटाच्या दुकानात पाय मोजायला असतो, जवळजवळ तसाच. हाड त्यावर आडवे ठेवून लांबी घ्यायची. व्हर्नियर कॅलिपरने माथ्याचा उभा आणि आडवा व्यास, आणि कोपराकडची रुंदी. मऊ फितीने दांड्याचा घेर. सारे मिलिमीटरमध्ये. विद्यार्थी हे पहिल्याच वर्षी शिकतात.

कसब लागते ते बारकाव्यात. माथ्याचा व्यास घ्यायचा म्हणजे सांध्याचा गुळगुळीत पृष्ठभाग जिथे संपतो त्या कडेवर कॅलिपरचे दोन्ही जबडे टेकवायचे. ही कड तरुण हाडात रेघेसारखी स्पष्ट असते. साठीच्या पुढच्या माणसाच्या खांद्यात संधिवाताने त्या कडेला हाडाची झालर फुटलेली असते. ती मोजणीत धरली तर म्हातारीचा माथा चाळिशीतल्या पुरुषाएवढा भरतो. मातीत पडून राहिलेल्या हाडाची हीच कड आधी झिजते, म्हणजे चूक उलट दिशेला जाते. जळालेले हाड आकसते, आणि किती आकसले हे तापमानावर अवलंबून असते. उजवा आणि डावा दंडही अगदी सारखे नसतात. बहुतेकांचा उजवा थोडा मोठा. कॅलिपर मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतो म्हणून निष्कर्ष तितका नेमका होत नाही. एकच हाड दोघांनी, एकमेकांचे आकडे न पाहता मोजले, तर त्या दोन आकड्यांतला फरक खरी अचूकता सांगतो. शोधनिबंधांत ही दुहेरी मोजणी आता अपेक्षित मानली जाते. पोलिसांकडून आलेल्या हाडाच्या बाबतीतही तीच अपेक्षा का नसावी?

आता थोडे गणित, कारण या विषयातला सगळा भ्रम गणिताच्या जागीच आहे. समजा, एखाद्या समाजात पुरुषांच्या दंडाच्या हाडाची सरासरी लांबी ३१० मिलिमीटर आहे आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, १५. स्त्रियांची सरासरी २८५ आणि विचलन १४. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. सरासरीतला फरक पंचवीस मिलिमीटर, म्हणजे चांगला इंचभर. ऐकायला भरपूर वाटतो. पण दोन्ही सरासरींच्या बरोबर मध्ये रेघ मारून वरचे ते पुरुष आणि खालच्या त्या स्त्रिया असे ठरवले, तर पाचातला एक पुरुष रेघेच्या खाली पडतो आणि जवळपास तेवढ्याच स्त्रिया वर जातात. अचूकता ८० टक्क्यांच्या आसपास. क्रॉगमन यांच्या आकड्याशी जुळणारी. नाणे उडवून ठरवले तरी ५० टक्के उत्तरे बरोबर येतात, हे लक्षात घेतले म्हणजे ८० टक्के किती, याचा अंदाज येतो.

या धोक्यावर भारतीय शास्त्रज्ञांनी एक कडक उपाय लवकर शोधला. इंदर जीत आणि शमेर सिंग यांनी १९६६ मध्ये गळ्याजवळच्या हाडावर, क्लॅव्हिकलवर काम करताना ‘डिमार्किंग पॉइंट’ म्हणजे सीमाबिंदूची पद्धत वापरली. सरासरीच्या दोन्ही अंगांना विचलनाची तिप्पट पट्टी धरायची. स्त्रियांची पट्टी जिथे संपते त्याच्या वरचे हाड तेवढे पुरुषाचे म्हणायचे. पुरुषांची पट्टी जिथे सुरू होते त्याच्या खालचे तेवढे स्त्रीचे. मधल्या हाडांबद्दल बोलायचे नाही. १९७२ मध्ये वाराणसी भागातील दंडाच्या हाडांवरही असेच काम झाले. वरच्या काल्पनिक समाजाला ही पद्धत लावली तर सीमा येतात ३२७ आणि २६५ मिलिमीटर. या सीमांबाहेर पडणारे हाड जवळजवळ खात्रीचे. पण पुरुषांपैकी जेमतेम १३ टक्के आणि स्त्रियांपैकी ८ टक्केच या सीमांबाहेर पडतात. दहातल्या नऊ हाडांबद्दल अहवाल ‘सांगता येत नाही’ असाच येईल. चौकशी अधिकाऱ्याला असा अहवाल निरुपयोगी वाटतो, वकिलाला तो कच्चा वाटतो. आमच्या मते मात्र ज्या हाडाला जे सांगता येत नाही ते त्याच्याकडून वदवून न घेण्याची ही पद्धत या शास्त्रातली सर्वांत प्रामाणिक आहे.

लांबी सोडून माथ्याचा व्यास घेतला तर चित्र सुधारते. हार्वर्डचे थॉमस ड्वाइट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवले होते की बाई-पुरुष फरक लांबीपेक्षा सांध्याच्या पृष्ठभागात जास्त स्पष्ट असतो. त्याला कारण आहे. उंच बाई आणि ठेंगणा पुरुष सगळीकडे असतात, आणि लांबी उंचीच्या मागे जाते. दांड्याची जाडी कामाच्या मागे जाते. नगर हवेलीत भातलावणी, लाकडाच्या मोळ्या, बांधकामावरची घमेली हे सारे बायका करतात. वारली, कोकणा, धोडिया कुटुंबांत तर पिढ्यान्‌पिढ्या. अशा बाईच्या दंडावर स्नायूंच्या खुणा ठसठशीत उमटतात, आणि शहरी पुस्तकावर शिकलेला परीक्षक ‘हाड दणकट आहे, म्हणजे पुरुषाचे’ असे म्हणून मोकळा होतो. सांध्याचा माथा वयात आल्यानंतर कामाने फारसा बदलत नाही. म्हणून मत देताना त्याला अधिक वजन.

एक मोजमाप घेण्याऐवजी दोन-तीन एकत्र घेऊन सूत्र बांधले तर आणखी फायदा होतो. तुर्की वंशाचे मानवशास्त्रज्ञ मेहमेत यासार इशजान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये चिनी, जपानी आणि थाई लोकांच्या दंडाच्या हाडांची तुलना केली. अचूकता चिनी गटात सुमारे ८७ टक्के, जपानी गटात ९२, थाई गटात ९७. एकच हाड, एकच पद्धत, एकाच खंडातले तीन समाज, आणि निकाल तीन. एका समाजाचे सूत्र दुसऱ्याला जसेच्या तसे लावता येत नाही, हे एवढ्यावरूनही पुरेसे कळते. मोजपट्टीवाचून पाहण्याच्या पद्धतीही आहेत. ट्रेसी रॉजर्स यांनी १९९९ मध्ये कोपराकडच्या टोकाच्या घडणीवरून ९२ टक्क्यांपर्यंत अचूकता दाखवली. स्त्रियांचा हात कोपरात थोडा अधिक बाहेर वळतो, त्याच्याशी या घडणीचा संबंध आहे. कोपराच्या खळगीत आरपार भोक असणे हेही स्त्रियांत आणि डाव्या बाजूला अधिक आढळते. पण अधिक आढळते म्हणजे पुरुषांत नसते असे नव्हे, आणि हा फरक न्यायालयात उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत बाहेर येतो.

आता पाठ्यपुस्तकांतून सगळीकडे पोचलेला एक नियम पाहू. अमेरिकी संग्रहांवरून ठरवलेल्या कोष्टकात माथ्याचा उभा व्यास ४७ मिलिमीटरहून जास्त असेल तर पुरुष, ४३ हून कमी असेल तर स्त्री, मधले अनिश्चित. भारतीय हाडे सर्वसाधारणपणे त्याहून लहान असतात. समजा, एखाद्या भारतीय गटात पुरुषांची सरासरी ४४ आहे आणि विचलन २.२. अमेरिकी नियम लावला तर त्या गटातला जवळजवळ दर तिसरा पुरुष ‘स्त्री’ ठरेल आणि खात्रीने ‘पुरुष’ ठरणारे शंभरात दहासुद्धा नसतील. पुस्तक चुकीचे नाही. ते ज्यांच्या हाडांवर लिहिले ती माणसे वेगळी आहेत. ज्या मुलुखात चार पिढ्या पोटभर खाणे मिळाले आणि ज्या मुलुखात मिळाले नाही, तिथली हाडे एका मापाची असणार नाहीत. उपासमारीत मुलांची वाढ मुलींच्या वाढीपेक्षा जास्त खुंटते असे अनेक अभ्यासांत दिसते. म्हणजे बाई-पुरुषांतले अंतरही आक्रसते, आणि दोघांना वेगळे करणे आणखी अवघड होते.

‘मग सिल्वासाचे स्वतःचे कोष्टक तयार करा’ असे म्हणणे सोपे आहे. पण सिल्वासा कोणाचे? जनगणनेचे आकडे पाहा. २००१ मध्ये दादरा व नगर हवेलीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६२ टक्के होते. २०११ मध्ये ते ५२ टक्क्यांवर आले. लोकसंख्या या दहा वर्षांत २ लाख २० हजारांवरून ३ लाख ४३ हजारांवर गेली. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १९९१ मध्ये ९५२, २००१ मध्ये ८१२ आणि २०११ मध्ये ७७४. सूत आणि प्लॅस्टिकच्या कारखान्यांनी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून तरुण आणले, बहुतेक एकटे. म्हणजे इथे सापडलेले हाड वारल्याचे असू शकते, तसेच गोरखपूरकडच्या कामगाराचेही, आणि दमणगंगेने वरून आणलेल्या कोणाचेही. वाराणसीच्या १९७२ च्या सीमाबिंदूंचा उपयोग कदाचित वाराणसीपेक्षा इथल्या कामगार वसाहतींत जास्त होईल, ही गंमतही लक्षात घेण्याजोगी आहे. एकच कोष्टक पुरणार नाही. आदिवासी आणि बाहेरून आलेले असे निदान दोन संदर्भगट लागतील, आणि दोन्हींवर उत्तर जुळले तरच ठाम मत देता येईल.

हजारी ७७४ हा आकडा आणखी एका कारणाने इथे आणला. अनोळखी मृतांमध्ये पुरुष जास्त असतात हे प्रत्येक पोलिसाला अनुभवाने माहीत असते. स्त्री-पुरुषांचे प्रमाणच असे झुकलेले असलेल्या प्रदेशात ती समजूत आणखी घट्ट होते. आणि परीक्षकाच्या मनात ती आधीच बसली असेल तर मधल्या पट्ट्यातले हाड आपसूक पुरुषाच्या खात्यात जाते. ही नुसती शंका नाही. केनेथ वाइस यांनी १९७२ मध्ये पुरातत्त्वीय सांगाड्यांच्या नोंदी तपासून दाखवले की परीक्षकांचा कल सुमारे १२ टक्क्यांनी पुरुषांकडे झुकलेला होता. हजारो वर्षांपूर्वीच्या सांगाड्याबाबत ही चूक झाली तर इतिहासाचा एक तक्ता बिघडतो. कालच्या सांगाड्याबाबत झाली तर एका बाईच्या मृत्यूची चौकशी सुरूच होत नाही. म्हणून डॉक्टरांनी हाड काय सांगते तेवढेच लिहावे. परिसरात कोण जास्त मरतात, कोणाची ‘मिसिंग’ जास्त दाखल होते, हे तपास अधिकाऱ्याने त्याच्या बाजूने धरावे. दोघांनी एकच समजूत दोनदा मोजली तर चूकही दुप्पट होते.

संदर्भगट उभे करण्यातली खरी अडचण मात्र आपल्याच महाविद्यालयांच्या कपाटांत आहे. पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला की विद्यार्थी हाडांचा ‘हाफ सेट’ शोधतो; सीनियरकडून ज्युनियरकडे जाणाऱ्या त्या पेटीत कोणाची हाडे आहेत हे कोणी विचारत नाही. कोलकात्याच्या अस्थिव्यापाऱ्यांनी कित्येक दशके जगभरच्या महाविद्यालयांना सांगाडे पुरवले, १९८५ मध्ये भारताने निर्यात बंद केली. त्या व्यापारात ना नाव होते, ना वय, ना गाव. अशा हाडांवर अभ्यास करायचा तर ती बाईची की पुरुषाची हे आधी कोणीतरी डोळ्यांनी पाहून ठरवलेले असते; मग त्यांच्यावर मोजपट्टी लावून ‘मोजपट्टी इतके टक्के अचूक’ असा निबंध लिहिला जातो. हे म्हणजे उत्तरपत्रिका आधी स्वतःच लिहून मग स्वतःच तपासणे झाले. त्यात भर म्हणून ज्या हाडांवरून सूत्र काढले त्याच हाडांवर त्याची परीक्षा घेतली जाते, आणि टक्केवारी फुगते. संशोधनपत्रिकांतल्या नव्वदीच्या आकड्यांकडे पाहताना वाचकाने दोनच गोष्टी विचाराव्यात: ती हाडे कोणाची हे कागदोपत्री माहीत होते का, आणि सूत्र नव्या हाडांवर तपासले का?

महाराष्ट्रातले एक प्रकरण इथे आठवते. मे २०१२ मध्ये रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातील गागोदे खुर्दच्या शिवारात अर्धवट जळालेले मानवी अवशेष मिळाले. अवशेषांचे नमुने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाकडे गेले. पण हे अवशेष कोणाचे, हा प्रश्न तिथेच पडून राहिला. ऑगस्ट २०१५ मध्ये दुसऱ्याच तपासातून धागा मिळाला, जागा पुन्हा खणण्यात आली आणि शीना बोरा हत्या प्रकरण देशभर गाजले. खटल्याच्या निकालाबद्दल येथे काही म्हणायचे नाही. हाडांचे काय झाले तेवढे पाहू. जून २०२४ मध्ये सरकारी पक्षाने विशेष न्यायालयाला सांगितले की शरीररचना तज्ज्ञांनी तपासलेली हाडे सापडत नाहीत. पुढच्याच महिन्यात ती सीबीआयच्या दिल्ली कार्यालयात असल्याचे सांगण्यात आले. देशातल्या सर्वाधिक चर्चेतल्या खटल्याची ही स्थिती. एखाद्या अनोळखी कामगाराच्या ‘एडीआर’मधल्या, म्हणजे अकस्मात मृत्यूच्या नोंदीतल्या, हाडाचा मुद्देमाल किती जपला जात असेल, याची कल्पना वाचकाने करावी. मोजमाप कितीही सुरेख घेतले तरी पुन्हा तपासायला हाडच नसेल तर त्याला पुराव्याची किंमत किती?

डीएनए असताना हाडे मोजायची कशाला, असा आक्षेप येतो. तो अर्धा बरोबर आहे. डीएनएमधून स्त्री-पुरुष ठरवता येते, आणि नातेवाइकाच्या नमुन्याशी जुळवून ओळखही पटते. पण त्यासाठी आधी नातेवाईक मिळावा लागतो. आणि कोणाच्या नातेवाइकाला बोलवायचे हे बाई की पुरुष, वय किती, उंची किती यांवरूनच ठरते. जळालेल्या किंवा पाण्यात राहिलेल्या हाडातून डीएनए मिळेलच असे नाही. प्रयोगशाळांत नमुने रांगेत असतात. हाडाची मोजणी एका सकाळी होते. तिने तपासाची दिशा ठरवावी, शेवटचा शब्द डीएनएला ठेवावा. दोन्ही उत्तरे वेगळी आली तर मोजणीचा अहवाल लपवू नये. सूत्र कुठे चुकते हे अशाच प्रसंगी कळते.

सिल्वासाने नेमके काय करावे? पहिले काम महाविद्यालयाच्या हातातले आहे. विच्छेदनासाठी आलेल्या ज्या देहांची नोंद पक्की आहे, लिंग, वय आणि मूळ गाव माहीत आहे, त्यांची हाडे कायदा आणि कुटुंबाची संमती पाहून क्रमांकासह जतन करावीत. देहदानाच्या संमतिपत्रातच याचा स्वतंत्र रकाना ठेवता येईल. आदिवासी कुटुंबांच्या अंत्यविधींचा मान राखून, नको म्हणणाऱ्याचा शब्द शेवटचा मानून. हाडांचा संग्रह मोठा व्हायला वीस वर्षे लागतात, तेवढे थांबता येत नाही. म्हणून दुसरा मार्ग सीटी स्कॅनचा. अपघातात, खांद्याच्या दुखण्यात रुग्णांचे स्कॅन होतातच. नैतिक समितीची परवानगी आणि रुग्णाची संमती घेऊन, नाव पुसून, त्यांतून माथ्याचा व्यास आणि कोपराची रुंदी मोजता येते. रुग्ण जिवंत असतो, स्त्री की पुरुष हे माहीत असते, वय आणि गाव केसपेपरवर असते. कोलकात्याच्या पेटीत जे कधीच नव्हते ते सारे इथे हजर आहे. दिल्लीच्या एम्समध्ये २०२१ पासून स्कॅनच्या मदतीने शवपरीक्षण होते. हे तंत्र परके राहिलेले नाही. आदिवासी आणि स्थलांतरित अशा दोन्ही गटांतून, स्त्रिया आणि पुरुष यांची पुरेशी संख्या जमली की तक्ता प्रसिद्ध करावा, आणि पालघर, वलसाड, नाशिकच्या पोलिसांनाही तो द्यावा. दमणगंगा जिल्ह्यांच्या हद्दी पाळत नाही.

दुसरे काम न्यायालयीन बाजूचे. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ३९ तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरते, पण तज्ज्ञाचे मत म्हणजे निकाल नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. दादरा व नगर हवेलीवर मुंबई उच्च न्यायालयाचा अधिकार चालतो. तिथल्या बऱ्यावाईट सवयी इथेही पोचतात. साक्षीदार डॉक्टरला ‘तुमच्या मते हाड स्त्रीचे की पुरुषाचे?’ असे विचारून तेवढे एकच उत्तर नोंदवणे ही त्यांतली वाईट सवय. प्रश्न असा हवा: कोणते मोजमाप घेतले, कोणत्या लोकांच्या कोष्टकाशी ताडले, आणि अशा दहा हाडांत तुमचे किती चुकतील? ज्याला या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही त्याचे पहिले उत्तरही कच्चे धरावे.

ठाणे अंमलदारांना यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. अहवालात नुसते ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ लिहून आले असेल, तर तो परत पाठवावा आणि मोजमापे, संदर्भगट आणि चुकीची शक्यता लिहून मागावी. हाड मुद्देमालात जमा करताना त्याचा क्रमांक दोन ठिकाणी नोंदवावा. आणि अहवालात ‘अनिश्चित’ असे आले, तर बेपत्ता स्त्रिया आणि बेपत्ता पुरुष या दोन्ही नोंदवह्या उघड्या ठेवाव्यात.